मुन्शीने खाल्लेला मनोरा

कलाबाईंच्या बोकडाने अफगाण चर्चचा मनोरा खाल्ला, तेव्हा मी शाळेत अकरावीच्या मुलींना क्षार ओळखायला शिकवत होते. घरी आले तर चर्च खिडकीजवळच्या टेबलावर जागच्या जागी होतं, पण मनोऱ्याच्या ठिकाणी मुन्शीचं तोंड होतं. मागच्या दोन पायांवर उभा राहून, गजांतून मान आत घालून, तो शेंड्यावरचा क्रॉस चावत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. घाई मात्र केली नाही.

मुन्शी हे बोकडाचं नाव. दाढीवरून पडलेलं, आणि समोरच्या माणसाला ताटकळत ठेवून बघण्याच्या पद्धतीवरून.

अफगाण चर्च मुंबईला, कुलाब्यात आहे. कॉलेजच्या सहलीत बाकीच्या मुली समुद्र बघायला गेल्या, तेव्हा मी कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला लोखंडी नट बांधून दोन ठिकाणांवरून त्या मनोऱ्याचा कोन मोजला होता. उंची दोनशे फुटांच्या आसपास निघाली. शंभरास एक या प्रमाणात तो माझ्या टेबलावर कागदाचा, दोन फुटांचा झाला होता, आणि त्याला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती.

चर्चच का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. उत्तर साधं आहे. चर्चला कोपरे असतात. देवळाचं शिखर सगळीकडून फुगत जातं. स्तूप तर सरळ अर्धगोल, आणि सपाट कागदातून अर्धगोल सुरकुती पडल्याशिवाय होत नाही. आमचे वडील छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरला गेलेले. मुलीने गोव्याची, मुंबईची, कलकत्त्याची चर्चं केली आणि सांचीचा एक स्तूप केला नाही, याचं त्यांना वाईट वाटे. पण हे भूमितीचं बंधन आहे आणि त्याला माझा इलाज नाही.

जाड, चांगला कागद मी नोकरीला होते त्या पांढुर्ण्यात मिळत नसे. मिळत त्या लग्नपत्रिका. लग्नसराई संपली की गावात माझ्या चर्चांचा दगड स्वस्त होई. मी ओळखीच्या घरांतून जुन्या पत्रिका गोळा करी आणि कोरी बाजू बाहेर ठेवून भिंती उभ्या करी. बाहेरून गॉथिक, आतून "आमचे येथे श्रीकृपेकरून". चिकटवायला कणकेची खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद.

मी कलाबाईंकडे भाड्याने राहत होते. कलाबाई विधवा. माझा पाण्याचा माठ वेगळा ठेवावा की काय, यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात विचार केला होता, आणि मग दोन माठ भरायचा कंटाळा येऊन तो विचार सोडून दिला होता. मुन्शीची आई त्याला जन्म देताना मेली. कलाबाईंनी त्याला चिंधीने दूध पाजून वाढवलं. तो त्यांच्या खाटेखाली झोपे आणि त्या भाकरी थापायला बसल्या की शेजारी येऊन बसे.

मुन्शी नवसाचा होता. नवस मात्र कलाबाईंचा नव्हता. त्यांचे थोरले दीर नत्थूजी सौसरला असत. सामायिक शेती आणि संत्र्याचा बगीचा त्यांच्याच हातात होता आणि कलाबाईंचं वर्षाचं धान्य तिथूनच येई. नत्थूजींचा विनायक दोनदा दहावी नापास झाला, तेव्हा त्यांनी शेतातल्या मरीमायला बोकड बोलला. तिसऱ्या खेपेला विनायक पास झाला. पोरगा त्यांचा, नवस त्यांचा, मरीमाय त्यांच्या शेतातली. बोकड तेवढा कलाबाईंचा. नत्थूजींना नाही म्हणायची कलाबाईंना सवय नव्हती, आणि सोयही नव्हती.

"मोठ्या तोऱ्यात मागतला त्यायनं," कलाबाई मला सांगायच्या. "म्हणे, तुह्या घरचा म्हणजे आपल्याच घरचा. मंग तुमच्या घरचा म्हशा द्या न मरीमायले. थो बी आपल्याच घरचा हाय."

हे त्या मला सांगायच्या. नत्थूजींसमोर त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या आणि चहा ठेवायच्या.

मनोरा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नत्थूजी आले. आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आत बोकड कापायचा होता, नाहीतर महिनाभर मटण नाही. त्यांनी अंगणात येऊन आधी मुन्शीची पाठ चाचपली, मग कलाबाईंची खुशाली विचारली.

"दादाजी," कलाबाई पदराआडून म्हणाल्या, "यानं मॅडमचं चर्च खाल्लं. त्याच्यात जहर हाय म्हणतात."

त्यांच्या आवाजात थोडी आशा होती, ती मला उशिरा ऐकू आली.

"किती हाय जहर?" नत्थूजींनी मला विचारलं.

"चिमूटभर मोरचूद, तेही सगळ्या चर्चमध्ये मिळून," मी म्हणाले. "त्याला काही होणार नाही. खाणाऱ्यालाही नाही."

कलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नको तिथे खरं बोलले की माझी आई माझ्याकडे असंच बघे.

"मंग झालं तं," नत्थूजी म्हणाले. "उकळलं का जहर मरते." त्यांनी पुन्हा पाठ चाचपली आणि मधेच थांबले. "पण खाल्लं काय म्हणून राहिले तुम्ही?"

"चर्च."

"चर्च म्हणजे इसायाचं देऊळ?"

"कागदाचं."

"कागदाचं असो का गोट्याचं. क्रॉस होता त्याच्यावर?"

"होता. तो त्याने शेवटी खाल्ला."

नत्थूजींनी मुन्शीच्या पाठीवरचा हात उचलला आणि धोतराला पुसला. "म्हणजे बाटला न हा."

जहर चालत होतं. येशू चालत नव्हता.

ते ओट्यावर बसले. कलाबाईंनी चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून घेतला पण प्याले नाहीत. "कोणतं चर्च होतं बाई? आपल्या इकडचं का?"

"मुंबईचं. अफगाण चर्च म्हणतात."

"अफगाण म्हणजे पठाण न?"

"पठाणांशी लढाईत मेलेल्या इंग्रजांच्या आठवणीसाठी बांधलेलं."

"अन् कागद कायचा होता?"

"लग्नपत्रिकांचा. मनोऱ्यात बहुतेक तुमच्या गावच्या भैय्याजींच्या मुलीच्या पत्रिका होत्या. त्यांच्याकडे पुष्कळ उरल्या होत्या."

"तिच्यावर तं गणपती होता," नत्थूजी म्हणाले. "अन् खाली मरीमाय प्रसन्न लिहेल होतं. म्या वाचली ना." त्यांनी माझ्याकडे, मग चर्चच्या मोडक्या बुंध्याकडे, मग मुन्शीकडे पाहिलं. "अन् तुम्ही तं बुद्धाचे न, बाई?"

"हो."

पठाण, इंग्रज, येशू, गणपती, मरीमाय आणि बुद्ध. बोकडाच्या पोटात सर्वधर्मसमभाव झाला होता आणि तो शांतपणे रवंथ करत होता.

"हे माह्या डोक्याच्या बाहेर हाय," नत्थूजी म्हणाले. "चिंधू भगताले विचारा लागन."

चिंधू भगत सौसरचेच. मरीमायचं सगळं काही त्यांच्या हातून होई. त्यांचा निकाल घेऊन नत्थूजी दोन दिवसांनी परत आले, ते हलक्या मनाने. निकाल असा होता: बोकड बाटला की नाही हे माणसाने ठरवायचं काम नाही. आखाडाच्या शेवटच्या रविवारी त्याला देवीपुढे उभा करायचा, अंगावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं तर देवीने घेतला, बाट-बीट सगळं धुतलं गेलं. नाही झाडलं तर नाकारला. आणि देवीने नाकारलेल्या बोकडाला मग कोणीच सुरी लावायची नाही.

यात नवीन काही नव्हतं. प्रत्येक नवसाच्या बोकडावर पाणी शिंपडतातच. आता, पाणी पडल्यावर अंग न झाडणारा बोकड कोणी पाहिला आहे? म्हणूनच मरीमाय आजवर कोणालाही नाही म्हणाली नव्हती. नत्थूजींनी लोधीखेड्याच्या व्याह्यांना निरोप पाठवूनही टाकला होता.

त्या संध्याकाळी कलाबाई माझ्या खोलीत आल्या. मी चर्चचा बुंधा पट्टीने मोजत होते. त्या दाराशी बसल्या. मुन्शी त्यांच्या मागे येऊन बसला आणि चर्चकडे बघू लागला, तेव्हा मी ते कपाटावर ठेवलं.

"मॅडम, थो अंग झाडनच न वो?"

"झाडेल. केसांवर थेंब पडले की अंग झटकायचं, हे शरीर आपोआप करतं. कुत्रंही करतं."

"देवीच्या मनात नसलं तरी?"

"देवीला कोणी विचारत नाही त्यात."

कलाबाईंनी मुन्शीच्या पाठीवरून हात फिरवला. "माह्या लग्नाच्या टायमाले मले हयदीचं पाणी टाकलं होतं. थंडीचे दिवस. म्या बी असं अंग झाडलं होतं का विचारूच नका. सासू म्हणे, पोरगी खूश हाय."

घरामागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. खिडकीचे गज थरथरत होते.

"कलाबाई, तुम्हाला या गाडीचा त्रास होत नाही?" मी विचारलं.

"कोणत्या गाडीचा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गाडी अजून जातच होती, कलाबाई त्या घरात तीस वर्षं राहत होत्या, आणि त्यांना ती खरोखरच ऐकू येत नव्हती. या गावात नवा मास्तर गाडी आली की वाक्य अर्धवट सोडतो. जुना मास्तर सोडत नाही.

"सवय झाली तर झाडणार नाही," मी म्हणाले.

कलाबाईंनी मान वर केली. त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरुवात केली. विहिरीजवळ मुन्शीला बांधून पाणी शिंपडलं. त्याने अंग असं झाडलं की आम्हा दोघींची आंघोळ झाली. पुन्हा शिंपडलं, पुन्हा झाडलं. शाळेत जायच्या वेळेपर्यंत आम्ही हेच करत होतो. संध्याकाळी परत तेच. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती आणि विहीर तळाला गेली होती, म्हणून मी कपडे विसळलेलं पाणी वापरायला सांगितलं. तरी गल्लीतल्या बाया बोलल्याच.

"माणसायले प्यायले पाणी नाई, अन् ही बोकडाले आंघोळ घालून राहिली."

"नवसाचा हाय," कलाबाई म्हणाल्या. "सोवळा करून राहिली."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी झाडणं कमी झालं. आधी सगळं अंग हले, मग नुसती मान, मग मानेवरची कातडी. एका संध्याकाळी पाणी पडलं आणि मुन्शी नुसता उभा राहिला. कलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, एवढ्यात नको. हा तुमच्या हाताला सरावला आहे, तुमच्या तांब्याला सरावला आहे. चिंधू भगत तांब्याने थोडंच शिंपडणार आहेत?

"कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडतात," कलाबाई म्हणाल्या.

आम्ही डहाळी आणली. मुन्शीने ती खाल्ली. दुसरी आणली. भगत आधी घुमतात, हेही कलाबाईंना आठवलं, आणि डफ वाजतो. म्हणून पुढचे दिवस कलाबाई डालड्याचा रिकामा डबा बडवत आणि मी डोक्याला लाल फडकं बांधून, हातात डहाळी घेऊन, मुन्शीभोवती घुमे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईने हे का करावं, असा प्रश्न पडू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. कुठे थांबायचं ते शिकवलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्या अंगात बरी येते वो," कलाबाई डबा थांबवून म्हणाल्या. "नोकरी गेली तं भुकेनं मरणार नाई तुम्ही."

रविवारी आम्ही मुन्शीला घेऊन सौसरच्या बसमध्ये बसलो. निघण्याआधी पहाटे त्याला एकदा भिजवला होता, कारण मधे खंड पडला की जुनी खोड परत येते. बसमध्ये तो दोन सीटांच्या मधे उभा राहिला आणि पुढच्या माणसाच्या पिशवीतली कोथिंबीर खाल्ली. कलाबाई रस्ताभर त्याच्या कानामागे खाजवत होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. आमचा प्रयोग फसला, तर परत येताना ही जागा रिकामी राहणार होती. ते दोघींनाही माहीत होतं.

शेतात, कडुलिंबाखाली, शेंदूर फासलेली मरीमाय. बगीच्याच्या कडेला चूल मांडलेली, तिच्यावर मोठा गंज, गंजात पाणी उकळत होतं. मसाला वाटून तयार होता. लोधीखेड्याचे व्याही बाजेवर बसले होते आणि मुन्शीकडे आपल्या आवडीच्या भागानुसार बघत होते. विनायक नवा शर्ट घालून उभा होता. आपण पास झाल्याबद्दल त्याला थोडी शरम वाटत असावी.

डफ वाजला. चिंधू भगत घुमले. माझ्यापेक्षा बरेच कमी घुमले, असं मला वाटलं. त्यांनी डहाळी बुडवून मुन्शीवर पाणी शिंपडलं.

मुन्शी उभा राहिला.

डफ थांबला. पुन्हा वाजला. भगतांनी पुन्हा शिंपडलं, या वेळी डोक्यावर, शिंगांच्या मधे. थेंब दाढीवरून खाली गळले. मुन्शी समोर बघत होता.

"जास्तीचं टाका न जी," एक व्याही म्हणाले. "दोन थेंबानं काय होते?"

नत्थूजींनी बादली उचलली आणि सगळीच्या सगळी मुन्शीवर उपडी केली. मुन्शी खाली वाकून पायाशी साचलेलं पाणी प्याला.

"भैताड हाय का काय हे बोकड," नत्थूजी म्हणाले.

आणि तेव्हा माशी आली. मटणाच्या तयारीत माश्या असतातच. ती मुन्शीच्या डाव्या कानावर बसली आणि मुन्शीने कान फडकावला.

"झाडलं," नत्थूजी म्हणाले. "पाह्यलं का साऱ्यायनं? झाडलं."

"कान झाडला," कलाबाई म्हणाल्या. पदर अजून डोक्यावर होता, पण आवाज पदराआडून आला नव्हता. "अंग नाई झाडलं, दादाजी."

"कान अंगावरच असते न? का घरी ठेवून येते?"

"मंग मले सांगा, विनायकचा एकच पेपर निंगाला असता तं पास म्हटलं असतं का तुम्ही?"

बाजेवर कोणीतरी हसलं. नत्थूजी तिकडे वळून बघू लागले, तोवर हसणारा मिशी पुसत होता. विनायक गंजाकडे निघून गेला. सगळे भगतांकडे बघू लागले. चिंधू भगत वयस्कर माणूस, त्यांनी डहाळी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही शिकेल-सवरेल. अन् आमच्या देवीशी तुमचं घेणं ना देणं. तुम्ही सांगा, काय झालं?"

कलाबाई माझ्याकडे बघत होत्या. मागच्या वेळी नत्थूजींसमोर मी खरं बोलून त्यांना बुडवलं होतं. या वेळीही माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"कान हलला," मी म्हणाले. "डावा. त्यावर माशी बसली होती. पाण्याने काही हललं नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

याच्या पलीकडे मला कोणी काही विचारलं नाही. तोंडी परीक्षेपासून मला एक शिस्त आहे, विचारलं तेवढंच सांगायचं.

चिंधू भगतांनी मुन्शीजवळ बसून त्याच्या ओल्या मानेवरून हात फिरवला. एकदा उलटा, एकदा सुलटा. कानामागे थोडा वेळ बोटं ठेवली. "मोठा शांत हाय," ते म्हणाले. "पाण्याले तं बिलकुल भेत नाई." मग उठून मोठ्याने म्हणाले, "देवीनं नाई घेतला. चर्च खाल्लेलं तिले चालत नाई. कोहळं आणा."

बोकडाऐवजी कोहळं कापलं तरी नवस फिटतो, अशी सोय आहे. विनायकला नवीन शर्टात गावात पिटाळलं. त्याने कोहळं आणलं. त्यावर पाणी शिंपडलं, पण त्याने अंग झाडलं की नाही हे कोणी पाहिलं नाही. गंजात वांगी पडली. लोधीखेड्याचे व्याही रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन, मटणाबद्दल एक अक्षर न बोलता, ज्या पद्धतीने न बोलायचं त्या पद्धतीने न बोलून, उठले.

"कलाबाई," नत्थूजी निघताना म्हणाले, "त्या बाईले म्हणा, खिडकीले जाळी लावा."

"सांगतो जी," कलाबाई म्हणाल्या, आणि बसमध्ये बसल्यावर पदराखाली तोंड घालून इतक्या हसल्या की मुन्शी घाबरून त्यांच्या मांडीवर चढला.

श्रावणात मी मनोरा पुन्हा करायला घेतला. कलाबाईंनी गावभर फिरून पत्रिका आणल्या. जाळीही लावली. मला वाटलं विषय संपला.

एका सकाळी दारात एक बाई उभी. काखेत करडू. शेजारच्या तिगावहून आली होती. तिच्या नवऱ्याने दिवाळीनंतरचा नवस बोलला होता.

"मॅडम, थोडं चर्च द्या न. लहानसं पुरन. अजून दात यायचे हायेत त्याले."

मी तिला समजावलं की चर्चने काही होत नाही, रोज पाणी शिंपडावं लागतं, आणि शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, पाणी तं टाकतोच, पण चर्च बी द्या. चर्च नसलं तं देवी नाई काहून म्हणन? माणसायले सांगाले कारण पायजे न.

यात तर्काची चूक मला काढता आली नाही. मी तिला मनोऱ्याच्या उरलेल्या तुकड्यातून बोटभर उंचीचं एक करून दिलं, मोरचूद न घालता, पण कोपरे काटकोनात.

मग आणखी बाया आल्या. कोणी चिंधीने पाजलेलं करडू आणलं, कोणी नातवाच्या खेळण्यातलं झालेलं बोकड आणलं. सकाळी गल्लीत नळाच्या टाक्याजवळ तीन-चार बोकडं ओली होऊन उभी असत. पाऊस अजून आला नव्हता, पण त्याबद्दल आता कोणी बोलत नव्हतं.

सगळ्यांत शेवटी, सौसरची बस आली त्या वेळेला, एक म्हातारी बाई दोरीने पाट ओढत आली. पाट म्हणजे कोवळी शेळी, आणि तिचं अंग आधीच ओलं होतं. तिने आपलं नाव वच्छला सांगितलं.

"कोणाच्या घरच्या तुम्ही?" कलाबाईंनी विचारलं.

"चिंधू भगताच्या."

कलाबाईंच्या हातातला तांब्या थांबला. माझ्या हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली.

"भगतांना माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?" मी विचारलं.

"यायनंच तं पाठवलं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या. "आमच्या सुनेनं बोलली हाय ही, अन् यायचा जीव हाय तिच्यावर. म्हणाले, मॅडमले विचारून ये. आठ दिवसापासून टाकून राहिलो, पण ही मानतच नाई. पाणी थंड पायजे का कोमट?"